पंक्तीतले एक ताट: इंदूरच्या मराठी मंडळांना आणि आचाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
इंदूर शहरातील मराठी मंडळांचे पदाधिकारी, मंगल कार्यालयांचे चालक आणि पंक्तींचा स्वयंपाक सांभाळणारे आचारी व केटरर यांस

सविनय नमस्कार.

गणेशोत्सव तोंडावर आला आहे. महाप्रसादाचा बेत, किराण्याची यादी, आचाऱ्याची सुपारी हे सारे याच दिवसांत ठरते, आणि एकदा यादी दुकानदाराकडे गेली की तीत फेरफार करणे कोणालाच सोयीचे नसते, म्हणून हे पत्र आताच लिहीत आहे. माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक हा आजार आहे. तिच्या निमित्ताने पंक्तीचे स्वयंपाकघर मला बरेच जवळून पाहावे लागले, आणि आपल्या समाजात असा आजार असलेली ती एकटी नाही हेही हळूहळू कळत गेले. कोणी घरून डबा आणतो, कोणी उपासाचे निमित्त सांगतो, कोणी येणेच सोडून देतो. त्यामुळे आपल्यापर्यंत यांची संख्या पोहोचत नाही, आणि संख्या दिसत नाही म्हणून यादीत त्यांचा विचारही होत नाही.

पत्र एखाद्या रुग्णालयाला किंवा सरकारी खात्याला न लिहिता आपल्याला लिहिण्याचे कारण असे की या आजारावर आज गोळी नाही, इंजेक्शन नाही आणि शस्त्रक्रियाही नाही. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखेच एक धान्य) या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. ते जन्मभर वर्ज्य करणे हाच त्यावरचा उपचार. निदान डॉक्टर करतात, पथ्य आहारतज्ज्ञ समजावून सांगतात, पण उपचार प्रत्यक्षात घडतो तो चुलीपाशी. घरच्या चुलीचे आम्ही पाहून घेतो. ज्या दिवशी मुलगी आपल्या पंक्तीला बसते त्या दिवशी मात्र तिचा उपचार आपल्या आचाऱ्याच्या हातात असतो, आणि बहुतेक वेळा त्याला त्याची कल्पनाही नसते.

आधी आजाराविषयी थोडक्यात. याला आपल्याकडे सर्रास ‘गव्हाची अ‍ॅलर्जी’ म्हणतात, त्यामुळे खाल्ले की अंगावर पित्त उठेल, नाही उठले तर सगळे ठीक, अशी समजूत होते. सिलिअ‍ॅकमध्ये तसे होत नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा ग्लूटेनला शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला चढवते. या अस्तरावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात आणि अन्नातले लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे त्यांच्यावाटे रक्तात जातात. वारंवार ग्लूटेन पोटात गेले की हे उंचवटे झिजून सपाट होतात आणि भरल्या ताटावर बसणारे माणूसही कुपोषित राहते. कोणाला जुलाब होतात, पोट फुगते, मुलांचे वजन वाढत नाही. पण असंख्य जणांना पोटाची काहीच तक्रार नसते. त्यांच्यात दिसते ते न हटणारे रक्तक्षय, खुंटलेली उंची, लांबलेले वयात येणे, तोंडातले सततचे व्रण, ठिसूळ हाडे, कधी वंध्यत्व. माझ्या मुलीला जुलाब कधीच झाले नव्हते. लोहाची औषधे वर्षानुवर्षे चालू होती आणि हिमोग्लोबिन जागचे हलत नव्हते.

हा आजार संसर्गजन्य नाही. तो होण्यासाठी विशिष्ट जनुके अंगात असावी लागतात. ती साधारण तिघांतल्या एकाकडे असतात, पण त्यांतल्या मोजक्यांनाच पुढे आजार होतो. जगभरात सुमारे शंभरात एकाला तो असतो. आपल्या देशात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतातल्या प्रौढांमध्ये हे प्रमाण शेकडा १.२३ आणि दक्षिणेत शेकडा ०.१० आढळले, जनुके मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच प्रमाणात होती. ताटातला गहू हे या तफावतीचे एक मोठे कारण मानले जाते. आपले पूर्वज होळकरांच्या काळात भाताच्या आणि ज्वारीच्या मुलखातून निघाले आणि ‘डग डग रोटी, पग पग नीर’ अशी ज्याची ख्याती त्या माळव्यात येऊन स्थिरावले; इथला गहू नामांकित, गव्हावर संशोधन करणारे केंद्रही याच शहरात. तेव्हा इंदुरात तीनशे पाने उठणाऱ्या पंक्तीत हा आजार असलेली दोन-तीन माणसे बसलेली असणे हे अगदी साध्या हिशेबातले आहे. त्यांपैकी निम्म्याहून अधिकांना स्वतःला ते ठाऊकही नसेल.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने शोधला. त्याला आधीपासून संशय होताच. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला तेव्हा आजारी मुले सुधारली आणि पाव परत आला तशी पुन्हा ढासळली, हे त्याच्या नजरेतून सुटले नाही. १९५० साली त्याने आपला प्रबंध लिहिला. पोषक म्हणून ज्या धान्याकडे सगळे पाहत होते तेच या मुलांना बाधते, ही गोष्ट डॉक्टरांच्या गळी उतरायलाही वेळ लागला, मग आपल्या आजी-मावशींना ती पटकन पटत नाही याचे मला आश्चर्य वाटत नाही.

आता ‘थोडेसे चालते’ या वाक्याकडे येतो, कारण पंक्तीत हे वाक्य फार ऐकू येते. तीस ग्रॅम कणकेची एक पोळी धरली तर तिच्यात दोन ग्रॅमांहून अधिक, म्हणजे दोन हजार मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन असते. सिलिअ‍ॅक असलेल्या बहुतेकांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत सहसा बाधत नाही, आणि रोज ५० मिलिग्रॅम सलग तीन महिने पोटात गेले तर आतड्याच्या अस्तराला इजा होते, असे प्रयोगात दिसले आहे. म्हणजे पोळीच्या दोनशे तुकड्यांपैकी एक तुकडा ही मर्यादा झाली. तो तुकडा जेमतेम नखाएवढा भरतो. पिठाळ हाताने चिमूटभर मीठ उचलून भाजीत टाकले तरी एवढे पीठ भाजीत जाऊ शकते. शिवाय ग्लूटेन उकळून, तळून किंवा भाजून नष्ट होत नाही. ‘कढत तेलात सगळे जळून जाते’ हा युक्तिवाद जंतूंच्या बाबतीत खरा असेल, इथे तो लागू पडत नाही. आणि खाल्ल्यावर लगेच काही झाले नाही म्हणून इजा झाली नाही असेही मानता येत नाही. अनेकांना वरवर काहीच जाणवत नाही आणि आतले नुकसान मात्र चालू राहते.

तितकाच घट्ट बसलेला दुसरा गैरसमज खपली गव्हाचा. हल्ली आरोग्याच्या व्याख्यानांत खपलीचे गुणगान ऐकून मंडळी आमच्यासाठी मुद्दाम खपलीची खीर करतात आणि ‘ही तुमच्या मुलीला चालेल’ म्हणून प्रेमाने वाटी पुढे करतात. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे. माळवी गहू, शरबती, जाडा, बन्सी, देशी, सेंद्रिय, जात्यावर दळलेला, कोणताही गहू याला अपवाद नाही. मैदा, रवा, दलिया, शेवया ही सगळी त्याचीच रूपे. ‘मैदा घातला नाही, फक्त रवा आहे’ असे उत्तर मला किती ठिकाणी मिळाले याची गणती ठेवलेली नाही.

या सगळ्याचा अर्थ पंक्तीसाठी काही परदेशी, महागडे, वेगळे जेवण करावे लागेल असा घेऊ नये, आणि हेच मला मुख्यतः सांगायचे आहे. आपले पारंपरिक ताट घ्या. वरण-भात, तूप, लिंबू, कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी, बटाट्याची भाजी, अळूचे फदफदे, मसालेभात, मठ्ठा, श्रीखंड, उकडीचे मोदक. पोळी-पुरी वगळली तर या ताटात मुळात गव्हाचा कणही नाही. गौरींच्या नैवेद्यातली ज्वारीची आंबील, तांदळाची घावने, घाटले, दिवाळीतले अनारसे, उपासाची साबुदाण्याची खिचडी, भगर, राजगिऱ्याचे लाडू, हे सारे मूळचेच निर्धोक. मध्यप्रदेशात राहून आपण आपलेसे केलेले भुट्ट्याचे किस आणि पोहे हेही तसेच. गहू येतो तो मागल्या दाराने, आणि ती दारे कोणती हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्याला एकदा कळले की ती बंद करणे मुळीच अवघड नाही.

पहिले दार हिंगाच्या डबीचे. शुद्ध हिंग फार उग्र असतो, म्हणून बाजारात मिळणारा हिंग खाण्याचा डिंक आणि पीठ घालून बांधलेला असतो. हे पीठ काही डब्यांत तांदळाचे असते, पुष्कळ डब्यांत गव्हाचे. डबी उलटी करून घटकपदार्थ वाचले की कळते. कोणी म्हणेल, शंभर माणसांच्या आमटीत चमचाभर हिंग, त्यातले पीठ एकेकाच्या वाट्याला येणार ते किती? खरे आहे, एका पदार्थापुरता हिशेब केला तर ते प्रमाण लहानच निघते. पण आमटीत हिंग, भाजीत हिंग, मठ्ठ्यात हिंग, कोशिंबिरीच्या फोडणीत, लोणच्यात, पापडात आणि गोड्या मसाल्यात हिंग अशी बेरीज होत जाते. आणि तांदळाच्या पिठाचा हिंग आणायला वेगळा खर्च येत नाही, चवीत फरक पडत नाही, कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. यादीत ‘हिंग’ या शब्दापुढे दोन शब्द वाढवले की काम होते. पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावणातही बहुधा हिंग असतो, तेव्हा सकाळच्या नाश्त्याच्या वेळी जीरावण आणि शेव वेगळ्या वाट्यांत ठेवून ज्याचे त्याला घेऊ द्यावे.

दुसरे दार मेतकुटाचे. आजाऱ्याला मऊ भात आणि मेतकूट द्यायची आपली रीत आहे, आणि पोटाचा आजार म्हटले की एखाद्या मायाळू काकू हमखास तेच वाढतात. मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर गहू भाजून घालतात. थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव. कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच, पण पांढरीशुभ्र दिसते म्हणून तांदळाच्या पापडाच्या पंगतीत बसते आणि एकाच कढईत तळली जाते. भज्यांच्या पिठात कुरकुरीतपणासाठी रवा किंवा मैदा मिसळणारे आचारी आहेत. रस्सा दाट करायला कणीक लावणारेही आहेत. हे कोणी लपवतो असे नाही, कोणी विचारतच नाही.

तिसरे दार चक्कीचे, आणि याचा विचार फारच कमी होतो. आपल्या वस्तीतल्या चक्कीवर दिवसभर गहू दळला जातो. त्याच दगडांतून ज्वारी, राजगिरा, शिंगाडा किंवा मोदकांची तांदळाची पिठी काढून आणली तर आतल्या फटींत, कापडी पिशवीत आणि डब्याच्या तोंडाशी साचलेले गव्हाचे पीठ त्यात उतरते. चक्कीवाल्याने ‘आधी थोडे तांदूळ फिरवून घेतले’ असे सांगितले तरी ती खात्री नव्हे. म्हणून आम्ही घरी घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू घालतच नाही. मंडळाने अशी यंत्रे घ्यावीत असे माझे म्हणणे नाही. मोदकांसाठी तांदूळ धुऊन, वाळवून मिक्सरवर पिठी काढता येते, किंवा ज्या पाकिटावर ग्लूटेनमुक्त असे स्पष्ट छापले आहे ती पिठी आणता येते. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे असा शब्द छापायचा तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असून चालत नाही, आणि पाकीटबंद पदार्थात गहू-जव असल्यास तसे लिहिणेही बंधनकारक आहे. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनाही अशा घटकांची माहिती द्यावी लागते. पंक्तीच्या पातेल्यावर मात्र लेबल नसते, तिथे आचाऱ्याच्या शब्दावरच विसंबावे लागते.

चौथे दार कढईचे आणि हाताचे. मागे एका लग्नात मी आधी परवानगी घेऊन भटारखान्यात गेलो होतो. मुख्य आचारी मुरलेला, बोलायला गोड. “भाईसाब, बेफिकर रहिए, सब्जी में आटा-मैदा कुछ नहीं,” असे त्याने मला छातीवर हात ठेवून सांगितले, आणि ते शब्दशः खरेही होते. मात्र बोलता बोलता त्याने पुऱ्यांच्या कणकेतून काढलेला हात तसाच मिठाच्या पातेल्यात घातला आणि मूठभर मीठ आमटीत सोडले. मीठ पांढरे, पीठही पांढरे, कोणाला काय दिसणार? पलीकडच्या कढईतून पुऱ्यांचा घाणा निघाला आणि त्याच तेलात साबुदाण्याचे वडे पडले. त्या दिवशी मुलीने ताक-भात खाल्ला, तोही घरून नेलेला. आचाऱ्याचा यात दोष काढण्यासारखे मला काही वाटत नाही, कारण त्याला ‘गहू नको’ एवढेच सांगितले गेले होते, ‘गव्हाचा स्पर्शही नको’ हे कोणी सांगितले नव्हते.

यावर उपाय आहे तो क्रम बदलण्याचा. कणकेचे पोते उघडण्यापूर्वी, पहाटे पहिल्या चुलीवर, वरण, भात, एक भाजी आणि एक गोड पदार्थ एवढे चार-सहा माणसांचे जेवण लहान पातेल्यांत करून झाकून ठेवावे, त्यांचे डाव-चमचे त्यांच्यातच ठेवावेत आणि पातेली कणकेपासून दूर दुसऱ्या खोलीत न्यावीत. मीठ, साखर, तेल त्या वेळी नव्या पिशवीतून घ्यावे. तळणीचे काही करायचे असेल तर ते ताज्या तेलात सर्वांत आधी करावे. नंतर त्याच तेलात खुशाल पुऱ्या तळाव्यात, उलटे मात्र करू नये. भांडी वेगळी विकत घेण्याची गरज नाही. साबणाने नीट घासलेले स्टीलचे पातेले चालते. लाकडी पोळपाट-लाटणे, पिठाची चाळण आणि पोळ्यांचा तवा या तीन वस्तू तेवढ्या टाळाव्यात, कारण त्यांच्या खाचाभोकांतून पीठ पुरते निघत नाही.

वाढपाच्या वेळी एकच वाढपी त्या ताटांसाठी नेमावा आणि त्याने पोळीच्या टोपलीला हात लावू नये. पंक्तीत एका हातावर पोळ्या आणि दुसऱ्या हाताने भाताची मूद असे जे कौशल्य आपले वाढपी दाखवतात ते बघायला सुरेख असते, पण या ताटाच्या कामाचे नाही. बुफे असेल तर त्रास वाढतो, कारण पुढचा पाहुणा छोल्यांचा डाव भातात घालतो, पोळीचा चुरा कोशिंबिरीत पडतो आणि तिथे पहारा ठेवणे कोणाला शक्य नसते. अशा वेळी आतूनच ताट भरून आणून द्यावे. शेजारी बसलेल्याने पोळी खाल्ली म्हणून काही बिघडत नाही, हात लागल्याने काही होत नाही, त्यामुळे या मंडळींना वेगळ्या टेबलावर, वेगळ्या कोपऱ्यात बसवू नये. त्यांना पंक्तीतच बसवावे, फक्त ताट सांभाळावे.

प्रसादाचा प्रश्न नाजूक आहे. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, आणि प्रसाद नाकारू नये हा संस्कार माझ्याही अंगात मुरलेला आहे. मुलगी लहान असताना द्रोण हातात घेऊन घुटमळायची आणि भोवतालच्या बायका ‘देवाचा आहे गं, देवाच्या प्रसादाने काही होत नाही’ म्हणून तिला धीर द्यायच्या. श्रद्धेचा मान राखून सांगतो, आतड्याला हा भेद कळत नाही. पण आपल्याच परंपरेत खिरापत आहे, पंचखाद्य आहे, केळे, खडीसाखर, पंचामृत आहे; गणपतीच्या आरतीनंतर द्यायला सुके खोबरे, खारीक, खसखस, खडीसाखर आणि बेदाणे यांची खिरापत असताना दुसरे काही शोधण्याचे कारणच नाही. शिऱ्याबरोबर एका वेगळ्या वाटीत ती ठेवली आणि शिऱ्याचा चमचा तीत जाऊ दिला नाही की झाले.

आणि आग्रह. आग्रह हा आपल्या पंक्तीचा प्राण आहे हे मान्य, पण ‘एक घास माझ्यासाठी’ या वाक्यापुढे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी सगळ्यांदेखत आपल्या आतड्याची कहाणी सांगावी अशी अपेक्षा करू नये. ज्याने नको म्हटले त्याचे नको तिथेच संपावे. मुलगी मोठी होत गेली तशी ती कार्यक्रमांना यायला टाळाटाळ करू लागली. मला वाटते तिला पथ्यापेक्षा हे खुलासे जड जात असावेत. आहारतज्ज्ञही सांगतात की किशोरवयात पथ्य सुटते ते पुष्कळदा भुकेपोटी नव्हे, चारचौघांत वेगळे दिसण्याच्या संकोचापोटी.

एक विनंती मंडळांच्या आरोग्य शिबिरांविषयी आहे. शिबिरात हिमोग्लोबिन तपासतात, लोहाच्या गोळ्या देतात, हे चांगलेच आहे. त्याबरोबर एवढे सांगितले जावे की गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढत नसेल, मुलाची उंची खुंटली असेल, किंवा घरात कोणाला सिलिअ‍ॅक असेल तर डॉक्टरांना रक्तातील टीटीजी प्रतिपिंडांच्या, म्हणजे या आजारात शरीर स्वतःच्याच विरुद्ध तयार करते त्या प्रथिनांच्या, तपासणीविषयी विचारावे. रुग्णाच्या आई-वडिलांत, भावंडांत आणि मुलांत साधारण दहा-पंधरांत एकाला हा आजार निघतो, तेव्हा त्यांनी लक्षण नसले तरी तपासून घ्यावे. ही आयजीए नावाच्या प्रकारातल्या प्रतिपिंडांची तपासणी असते, आणि काहींच्या शरीरात आयजीएच कमी असल्याने ती खोटा दिलासा देऊ शकते, म्हणून एकूण आयजीए सोबत पाहतात. पुढे दुर्बिणीतून लहान आतड्याचे नमुने घेऊन निदान पक्के केले जाते. मुलांमध्ये प्रतिपिंडांचे प्रमाण फारच जास्त असेल तर काही वेळा तज्ज्ञ नमुन्याशिवायही निर्णय घेतात.

याच संदर्भात व्याख्यात्यांना कळकळीची सूचना. ‘गहू सोडून बघा, बरे वाटेल’ असा सरसकट सल्ला आपल्या व्यासपीठावरून देऊ नये. तपासणीच्या वेळी माणूस गहू खात असावा लागतो. आधीच सोडला तर प्रतिपिंडे उतरतात, अस्तर भरून येऊ लागते आणि आजार असूनही अहवाल कोरा येतो. मग ना धड निदान, ना धड पथ्य, अशा अवस्थेत माणसे वर्षे काढतात, आणि निदानच पक्के नसल्याने सणासुदीला ‘आजच्या दिवस’ म्हणून पोळी खातात. ज्यांना हा आजार नाही त्यांनी गहू सोडावा असे मी कुठेही सुचवत नाही. माळव्याचा गहू उत्तम आहे, घरात माझ्या ताटात तो रोज असतो.

निदान झाल्यावर पथ्य काटेकोर पाळले तर सुधारणा खरोखर दिसते, हेही लिहिले पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला हे सारे रडगाणे वाटेल. मुलांचे आतडे लवकर भरून येते, मोठ्यांना कधी काही वर्षे लागतात. सुरुवातीला सहा महिन्यांनी आणि नंतर साधारण वर्षातून एकदा प्रतिपिंडे, हिमोग्लोबिन, लोह, ड आणि ब-१२ जीवनसत्त्वे, थायरॉइड यांवर नजर ठेवतात. नुसत्या भातावर राहिले तर तंतू आणि लोह कमी पडते, म्हणून ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, डाळी, भाज्या यांवर भर द्यावा लागतो. ओट्स मुळात वेगळे धान्य असले तरी ते बहुधा गव्हात मिसळलेले निघते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेत नाहीत. आमच्या मुलीचे लोहाचे औषध पथ्यानंतर बंद झाले आणि उंचीही वाढली. भाकरी तिला आता पोळीपेक्षा जास्त आवडते, आणि थापता मला येत नाही म्हणून ती माझी थट्टा करते.

शेवटी नेमके मागणे. महाप्रसादाच्या निमंत्रणात एक ओळ छापावी: ‘सिलिअ‍ॅकचे पथ्य असणाऱ्यांनी दोन दिवस आधी नाव कळवावे.’ जेवढी नावे येतील तेवढीच ताटे वर लिहिलेल्या क्रमाने करावीत. प्रत्येक पदार्थात काय घातले हे आचाऱ्याने कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दारावर लावावे, आणि ज्या पदार्थाची खात्री नाही त्यापुढे सरळ ‘माहीत नाही’ असे लिहावे. ते वाचून आम्ही तो पदार्थ घेणार नाही, इतकेच. तोंडी दिलेल्या ‘काही होत नाही’ या आश्वासनापेक्षा ते आम्हाला कितीतरी उपयोगाचे आहे. ज्या मंडळांना किंवा केटररना हे प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांच्या आचाऱ्यांबरोबर गणेश चतुर्थीपूर्वीच्या एखाद्या रविवारी सकाळी बसायला मी आणि माझी पत्नी तयार आहोत. तांदळाच्या पिठाचा हिंग, पिठी आणि दोन पातेली आम्ही घेऊन येऊ. किराण्याची यादी आपण आणावी, म्हणजे तिथेच खुणा करता येतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद
इंदूर